वेस्टर्न घोडेस्वारीच्या पहिल्या क्लिनिकला जाताना

अमेरिकेच्या पश्चिम आणि दक्षिण भागात ‘हॉर्समनशिप क्लिनिक’ या नावाने जे शिबिर भरते, त्याचा दवाखान्याशी काहीही संबंध नसतो. एखाद्या रँचवर किंवा काउंटीच्या जत्रेच्या मैदानावरील कुंपण घातलेल्या रिंगणात दोन ते चार दिवस दहा-पंधरा स्वार आपापले घोडे घेऊन जमतात. बाहेरगावाहून आलेला प्रशिक्षक, बहुधा स्वतः घोड्यावर बसून, माइकवरून एकेकाला सूचना देतो आणि कठड्याबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली मंडळी वहीत टिपणे घेत असतात. मी गेली अकरा वर्षे टेक्ससमध्ये राहते, त्यांपैकी आठ वर्षे घोडेस्वारी करते, आणि या काळात प्रेक्षक म्हणून व स्वार म्हणून अशा अनेक शिबिरांना जाऊन आले आहे. इकडे स्थायिक झालेली मराठी मंडळी अलीकडे मुलांच्या निमित्ताने किंवा स्वतःच्या हौशीने वेस्टर्न घोडेस्वारीकडे वळू लागली आहेत आणि पहिल्या शिबिराआधी त्यांचे मला जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. घोड्याची खोड मोडून मिळेल, या अपेक्षेने आलेला स्वार बहुतेक वेळा निराश होऊन परततो, कारण चार दिवसांत बदलतो तो मुख्यतः स्वार. घोडा त्याच्या पाठोपाठ बदलतो. दोराने, लगामाने किंवा पायाने घोड्यावर दाब केव्हा द्यायचा हे बहुतेकांना लवकर समजते. तो नेमक्या कोणत्या क्षणी काढून घ्यायचा, हे समजायला मात्र वर्षे जातात. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी, आणि पुढे जे काही लिहिले आहे ते या एका गोष्टीशी जोडलेले आहे.

ही पद्धत आली कोठून

वेस्टर्न घोडेस्वारीचे मूळ स्पॅनिश वसाहतींतल्या गुरे राखणाऱ्या घोडेस्वारांकडे, म्हणजे व्हाकेरोंकडे जाते. मेक्सिको, टेक्सस आणि कॅलिफोर्नियातील अफाट कुरणांवर एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात दोर घेऊन दिवसभर काम करायचे असल्यामुळे खोगीर मोठे व आरामशीर झाले, दोर गुंडाळण्यासाठी त्याला पुढे शिंग आले आणि घोडा ढिल्या लगामावर चालला पाहिजे अशी अपेक्षा रूढ झाली. येथले अनेक शब्दही त्याच वाटेने आले आहेत. ‘लॅरिएट’ हा ‘ला रेआता’ या स्पॅनिश शब्दावरून आला, तर बिटाशिवाय, म्हणजे तोंडातल्या धातूच्या लगामीशिवाय, नुसत्या नाकपट्टीवर चालणारा लगामाचा साज ‘हॅकमोर’ स्पॅनिश ‘हाकिमा’वरून आला आणि तो स्पॅनिश शब्द स्वतः अरबीतून आलेला आहे. आपल्या मराठीतली ‘रिकीब’ही अरबीतूनच फारसीमार्गे आपल्याकडे आली, त्यामुळे या दोन परंपरा वाटतात तितक्या एकमेकींना परक्या नाहीत, असे मला नेहमी वाटते.

आजच्या शिबिरांची रीत घोडे शिकवणारे टॉम डॉरन्स (1910–2003) आणि त्यांचे थोरले बंधू बिल डॉरन्स (1906–1999) यांच्यापर्यंत मागे नेता येते. त्यांच्याकडून शिकलेले रे हंट (1929–2009) 1970च्या दशकात गावोगाव शिबिरे घेत हिंडू लागले आणि घोड्याला दमवून व घाबरवून ‘मोडण्या’च्या जुन्या पद्धतीऐवजी त्याला विचार करायला वेळ देणारी पद्धत सामान्य स्वारांपर्यंत पोहोचली. बक ब्रॅनमन यांच्यासारखे पुढच्या पिढीतले प्रशिक्षक त्यांच्याच तालमीत तयार झाले.

पहिल्या वेळी घोडा न नेता जावे

बहुतेक शिबिरांना प्रेक्षक म्हणून बसता येते आणि त्याचे शुल्क स्वाराच्या शुल्काच्या मानाने अगदी थोडे असते. माझा आग्रह असा की ज्या प्रशिक्षकाकडे शिकायचे आहे, त्याचा किमान एक पूर्ण दिवस कठड्याबाहेर बसून पाहावा. त्याच्या बोलण्याची छाप पडते, म्हणून मी अर्धा तास कान बंद केल्यासारखे करून फक्त घोड्यांकडे पाहते. सकाळी कान मागे पाडून, शेपटी आपटत आलेले घोडे दुपारी मान खाली सोडून उभे आहेत का? प्रशिक्षक प्रत्येक अवघड घोड्यावर स्वतः चढून लोकांना थक्क करतो, की घाबरलेल्या स्वाराला शब्दांनी वाट दाखवून त्याच्याकडूनच काम करून घेतो? घामाने निथळणारा, नाकपुड्या फुगवलेला घोडा ‘अखेर शरण आला’ म्हणून टाळ्या पडत असतील, तर ते शिबिर नवख्याने टाळावे. दमून हार मानलेला घोडा आणि समजून शांत झालेला घोडा लांबून सारखेच दिसतात, पण डोळ्यांकडे पाहिले की फरक कळतो. दमलेल्याची नजर मेलेली असते. समजलेल्याचा एक कान स्वाराकडे वळलेला असतो.

शिबिरांचे प्रकारही समजून घ्यावेत. पायाभूत हॉर्समनशिप, नवी शिंगरे पाठीवर घेण्याचे ‘कोल्ट स्टार्टिंग’, गुरांबरोबरचे काम, आणि रेनिंगसारख्या एखाद्या क्रीडाप्रकाराची शिबिरे, असे ढोबळ भाग पडतात. नवख्याने पायाभूत शिबिरालाच नाव द्यावे. कोल्ट स्टार्टिंग पाहायला फार सुंदर असते, परंतु स्वतः शिकत असलेल्या माणसाने न शिकलेल्या घोड्यावर बसणे हा दोघांवरही अन्याय आहे.

घोड्याची निवड

स्वतःचा घोडा नसेल तर तुमच्या नेहमीच्या शिक्षकाला विचारून दहा-बारा वर्षांपुढचा, अनेक ठिकाणी जाऊन आलेला, शांत घोडा मागून घ्यावा. या कामात सर्वाधिक दिसणारी जात म्हणजे अमेरिकन क्वार्टर हॉर्स. पाव मैलाच्या शर्यतीत वेगवान म्हणून तिला हे नाव मिळाले आणि तिची नोंदणी करणारी संघटना 1940मध्ये स्थापन झाली. हे घोडे फार उंच नसतात, परंतु त्यांचे पुठ्ठे भरदार असतात आणि गुरापुढे एका जागी वळण्याची ताकद त्यांच्यात असते. मी दौंडकडची. ‘भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजले’ हे लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे बेताच्या उंचीच्या, काटक घोड्याला कमी लेखण्याची चूक माझ्या हातून कधी झाली नाही. येथे येणारे अनेक भारतीय मात्र उंच घोड्याला भुलतात आणि मग त्यावर चढण्यातच त्यांचा निम्मा धीर खर्च होतो.

वजनाचा हिशेब घरीच करून ठेवावा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे होऊ नये, असा संकेत सर्वत्र पाळला जातो. घोडा 500 किलोचा असेल तर एकूण 100 किलो. वेस्टर्न खोगीर आणि खालची गादी मिळून 16 किलो धरले तर स्वारासाठी 84 किलो उरतात. घोडा म्हातारा, बिनसरावाचा किंवा पायाने किंचित दुखरा असेल तर हा आकडा आणखी खाली आणावा.

कागदपत्रे आणि प्रवास

दुसऱ्या राज्यातून घोडा न्यायचा असल्यास साधारणपणे दोन कागद लागतात. इक्वाइन इन्फेक्शस अनीमिया या असाध्य रोगासाठी केलेल्या रक्ततपासणीचा, म्हणजे कॉगिन्स टेस्टचा, बहुतेक ठिकाणी गेल्या बारा महिन्यांतला अहवाल आणि पशुवैद्याने दिलेले अलीकडचे आरोग्य प्रमाणपत्र. राज्याच्या आत फिरतानाही आयोजक कॉगिन्सचा कागद मागतातच. नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने आपल्या पशुवैद्याला निदान तीन आठवडे आधी फोन करावा. याखेरीज तुमच्याकडून जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही घेतली जाईल. तो न वाचता सही करू नये, कारण घोड्याच्या अंगभूत स्वभावामुळे होणाऱ्या अपघाताची जबाबदारी आयोजकावर राहत नाही, असे कायदे टेक्सससह बहुतेक राज्यांत आहेत. फाटकावर लावलेली इशाऱ्याची पाटी याच कायद्यांमुळे असते.

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे. घरचे गवत सोबत न्यावे, कारण चारा अचानक बदलला तर पोटशूळ उठू शकतो. घरची बादलीही न्यावी. अनोळखी बादलीतले अनोळखी चवीचे पाणी अनेक घोडे पीत नाहीत, आणि मोठ्या घोड्याला दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी लागते. ट्रेलरमध्ये चढण्या-उतरण्याचा सराव आधीचे दोन-तीन आठवडे, कुठेही जायचे नसताना करून घ्यावा. निघण्याच्या सकाळी घाईत घोडा ट्रेलरमध्ये ढकलणे म्हणजे शिबिराचा पहिला दिवस आधीच गमावणे होय.

खोगीर, तंग आणि माझी एक चूक

वेस्टर्न खोगीर पाठीवर ठेवताना गादी आणि खोगीर मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर थोडे पुढे ठेवून मग मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस सपाट बसतात. गादी मधोमध वर उचलून खोगिराच्या पोकळीत घ्यावी, म्हणजे कण्यावर दाब न येता हवा खेळते. पुढचा तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा, कोपराच्या मागे साधारण चार बोटे सोडून येतो. तो एका दमात आवळू नये. आधी खोगीर सरकणार नाही इतपत, मग घोड्याला दहा पावले चालवून, मग चढण्यापूर्वी आणि शेवटी दहा मिनिटे बसल्यानंतर, असा चार वेळा पाहावा, कारण घोडा श्वास भरून पोट फुगवतो आणि चालल्यावर ते उतरते. मागचा तंग असेल तर तो नेहमी पुढच्यानंतर बांधावा आणि उतरवताना सर्वांत आधी सोडावा. दोन्ही तंगांना पोटाखालून जोडणारा छोटा पट्टा आहे ना, हेही पाहावे. तो नसेल तर मागचा तंग कुशीकडे सरकतो आणि गुदगुल्या झालेला घोडा उसळ्या मारतो.

हे मी इतक्या बारकाईने लिहिण्याचे कारण माझ्याच अंगावर शेकलेली चूक आहे. तिसऱ्या वर्षी एका शिबिरात मी सकाळी तंग आवळला, खाली उभे राहून घोडीला दोरीवर अर्धा तास काम दिले आणि सर्वांबरोबर चढायची वेळ आली तेव्हा ‘मघाशीच तर आवळला होता’ या भरवशावर डावा पाय रिकिबीत घातला. निम्मी वर गेले आणि खोगीर माझ्या वजनासरशी घोडीच्या कुशीवर फिरले. घोडी शहाणी, ती तशीच थिजून उभी राहिली. मी मातीत बसले, मनगट मुरगळले आणि पुढचे दोन दिवस कठड्याबाहेर काढले. तंग हाताने तपासायला दहा सेकंदही लागत नाहीत. आता मी चढण्यापूर्वी तंगाखाली बोटे सरकवून पाहिल्याशिवाय रिकिबीला हात लावत नाही.

संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर पाठीवरच्या घामाकडे पाहावे. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा असेल तर चांगले. सभोवती ओले आणि मध्येच खांद्याजवळ तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर तेथे खोगीर टोचते आहे असे समजून प्रशिक्षकाला तो डाग दाखवावा.

बिट कोणता

पायाभूत शिबिरात बहुधा स्नॅफल बिट घेऊन यायला सांगतात. मध्ये सांधा असलेला प्रत्येक बिट म्हणजे स्नॅफल, हा समज चुकीचा आहे. ज्यात तरफ नसते, लगाम जितका ओढला तितकाच दाब तोंडात पोहोचतो, तो स्नॅफल. कर्ब बिटाला खाली लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. तोंडातल्या भागाच्या वर दोन इंच आणि खाली सहा इंच दांडी असेल तर साखळीवरचा ताण लगामाच्या ओढीच्या सुमारे तिप्पट होतो. कर्ब ही शिकलेल्या घोड्याशी कुजबुजण्याची सोय आहे. न शिकलेल्या हातात ती वेदना होते, म्हणून नवख्याने तिच्यापासून दूर राहावे. स्पर्धांचे नियम वेगळे असतात. उदाहरणार्थ, क्वार्टर हॉर्स संघटनेच्या स्पर्धांत पाच वर्षांपर्यंतच्या घोड्याला स्नॅफल किंवा हॅकमोर घालून दोन्ही हातांनी चालवता येते. शिबिरात त्यांची चिंता करू नये.

पोशाख

टाचेचे बूट घालावेत. साधारण इंच-दीड इंचाची टाच पाय रिकिबीतून आरपार जाऊ देत नाही. धावण्याचे बूट घालून आलेला स्वार पडला तर पाय अडकून फरफटत जाण्याचा धोका असतो. हेल्मेट घोडेस्वारीसाठी प्रमाणित केलेलेच असावे, सायकलचे चालत नाही. रिंगणात बरेच जण काउबॉय हॅट घालून दिसतील आणि हेल्मेट घालणारे तुम्ही एकटेच असाल, तरीही ते काढू नये. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. अंगठ्या, बांगड्या आणि लोंबती ओढणी गाडीतच ठेवावी, कारण दोर अंगठीत अडकला तर बोट जाते.

पहिली सकाळ: जमिनीवरचे काम

नवख्या मंडळींना सकाळ वाया गेल्यासारखी वाटते, कारण तीन-तीन तास घोड्यावर बसायलाच मिळत नाही. माझ्या मते सबंध शिबिरातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून येथे जरा सविस्तर लिहिते.

दोराचा हॉल्टर, म्हणजे घोड्याच्या डोक्यावर चढवायची बिट नसलेली मोहरकी, आणि साधारण बारा फुटांचा दोर एवढेच हातात असते. घोडा बांधताना घ्यायची काळजी आधी सांगते. गाठ एका ओढीत सुटणारी असावी, दोर घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर बांधावा आणि बांधायची जागा पक्की रोवलेला खांब असावा. सुटी फळी किंवा फाटक कधीही निवडू नये. उभे राहताना लक्षात ठेवावे की घोड्याचे डोळे बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, परंतु कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. मागून जायचे असेल तर एक तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगाला चिकटून जावे, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून जावे. मधले अंतर सर्वांत वाईट.

पहिला धडा बहुधा पुठ्ठे सरकवण्याचा असतो. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ उभे राहून डाव्या हाताने दोर आखूड धरायचा, घोड्याचे नाक किंचित आपल्याकडे वळवायचे आणि नजर त्याच्या मागच्या डाव्या पायाकडे न्यायची. बहुतेक घोडे नुसत्या नजरेने हलत नाहीत. मग एक पाऊल त्या पायाच्या दिशेने टाकायचे. तरीही काही नाही, तर दोराचे मोकळे टोक हवेत फिरवायचे. त्यानेही नाही, तर त्याचा हलका स्पर्श पुठ्ठ्याला होऊ द्यायचा. घोडा वजन उजवीकडे झुकवतो, मागचा डावा पाय उचलतो आणि पोटाखालून उजव्या पायाच्या पुढे टाकतो. ज्या क्षणी तो पाय जमिनीवरून उचलला गेला, त्या क्षणी सगळे थांबले पाहिजे: दोर सैल, टोक खाली, नजर मऊ, आपले खांदेही उतरलेले. पाय टेकेपर्यंत वाट पाहिली तरी उशीर झाला, कारण मग घोड्याला वाटते की पाय टेकून थांबल्यामुळे दाब गेला.

दोर सैल झाला की काही क्षण काहीच होत नाही आणि त्याच वेळी नवख्याचा हात पुन्हा दोर ओढायला शिवशिवतो. तो आवरावा. घोडा पापणी लववतो, मान एक वीत खाली येते, ओठ हलवून तो तोंड चावल्यासारखे करतो, लांब श्वास सोडतो. ही ताण उतरत असल्याची खूण आहे. ती दिसल्यावरच पुढचे मागावे. माझ्या वडिलांच्या बैलांना मळ्यात काम शिकवणारे वृद्ध गडी ‘त्याला जरा उमगू दे’ असे म्हणत चिलीम ओढत उभे राहत. मला त्या वेळी तो आळस वाटायचा, टेक्ससच्या रिंगणात तोच धडा पैसे भरून शिकताना त्यांची आठवण झाली.

यानंतर पुढचे पाय सरकवणे, मागे सरकणे, दोन्ही बाजूंना मान वाकवणे हे ओळीने येते. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी वेगवेगळी शिकवावी लागते. डावीकडून जमले म्हणून उजवीकडून आपोआप जमेल असे नाही.

घोड्यावर

चढायला उंच ठोकळा वापरावा. त्यात कमीपणा नाही, कारण जमिनीवरून चढताना खोगीर एकीकडे ओढले जाते आणि घोड्याच्या कण्याला पीळ बसतो. बसल्यावर लगेच चालू लागू नये. आधी उभ्या घोड्याची मान डावी-उजवीकडे हलकेच वाकवून घ्यावी आणि मग एका लगामाने थांबण्याचा सराव करावा. दोन्ही लगाम एकदम खेचले की घाबरलेल्या घोड्याला ताकद लावायला सरळ आधार मिळतो आणि तो आणखी जोरात पळतो. एकच लगाम मांडीकडे घेऊन मान वळवली आणि पुठ्ठे बाजूला सरकवले, की मागच्या पायांचा रेटा तुटतो आणि घोडा थांबतो. हे उभ्याने आणि संथ चालीत शेकडो वेळा घटवावे. भरधाव घोड्यावर पहिल्यांदाच वापरले तर तोल जाऊन दोघेही पडण्याची भीती असते.

माथेरान-महाबळेश्वरला घोड्यावर बसलेल्यांना आणि पुण्या-मुंबईच्या क्लबात इंग्लिश पद्धत शिकलेल्यांना येथे एकच गोष्ट जड जाते: लगाम ढिला सोडणे. पहिल्यांना तो ब्रेक वाटतो, दुसऱ्यांना घोड्याच्या तोंडाशी सतत हलका संपर्क ठेवायची सवय असते. वेस्टर्न पद्धतीत लगामाला झोळ असतो आणि घोड्याने स्वतः तोल व वेग सांभाळावा अशी अपेक्षा असते. मांड पक्की असेल तरच हात मोकळा राहतो. मांड डळमळली की स्वार लगामाला लटकतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत आली की नाही हे शेजाऱ्याला पाहायला सांगावे किंवा कोणाकडून तरी बाजूने व्हिडिओ काढून घ्यावा, कारण आपल्याला सरळ वाटते ते बहुधा पुढे झुकलेले असते. घोड्याला काही सांगायचे तर क्रम असा: आधी बैठक, मग पोटरीचा दाब, मग टाच. प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी, म्हणजे काही दिवसांनी पहिल्याच पायरीवर उत्तर मिळू लागते.

चाली तीन. वॉक चार ठोक्यांची; जॉग दोन ठोक्यांची, जिच्यात तिरप्या रेषेतले पुढचे-मागचे पाय जोडीने पडतात, म्हणजे आपली दुडकी; आणि लोप तीन ठोक्यांची. पहिल्या शिबिरात लोप जमलाच पाहिजे असा हट्ट धरू नये. समोरून येणाऱ्याला ओलांडताना डावा खांदा डाव्या खांद्याकडे ठेवावा, पुढच्या घोड्यापासून किमान एका घोड्याचे अंतर राखावे, आणि ज्याच्या शेपटीला लाल फीत बांधली आहे तो लाथा मारतो हे ओळखून लांब राहावे.

शेवटच्या दिवशी गुरे आणली गेली तर नवख्याने गुरामागे संथ चालण्यापुरता भाग घ्यावा. दोर टाकून तो शिंगाला गुंडाळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. या गुंडाळण्याला ‘डॅली’ म्हणतात, आणि दोर व शिंग यांच्यामध्ये अंगठा सापडून तो गमावलेले अनुभवी लोकही मी पाहिले आहेत.

प्रश्न जरूर विचारावेत, पण छोटे आणि आत्ता घडलेल्या गोष्टीविषयी. घोड्याचा सारा पूर्वेतिहास सांगत बसले की प्रशिक्षकाचा आणि इतरांचाही वेळ जातो. घोडा वारंवार जमीन खुरडू लागला, कुशीकडे वळून पाहू लागला, लोळू पाहू लागला किंवा लीद टाकेनासा झाला, तर तो पोटशूळ असू शकतो. अशा वेळी तास सोडून लगेच पशुवैद्याला बोलवावे, भरलेल्या पैशांकडे पाहू नये.

परतल्यानंतर

घरी आल्यावर घोड्याला एक दिवस मोकळा सोडावा. त्यानंतर आठवड्यातून चार-पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटे, एका वेळी एकच गोष्ट, एवढा सराव पुरतो. चार दिवसांत शिकलेले सगळे एका दुपारी घोकून घेण्याचा उत्साह पहिल्या वर्षी मलाही होता आणि त्याने घोडी माझ्या हाताला कंटाळली होती.

शिबिरात अनेक ठिकाणचे घोडे एकत्र येतात आणि त्यांच्याबरोबर सर्दी-तापाचे रोगही येतात. परतलेला घोडा दोन ते तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवावा, त्याच्या बादल्या आणि खरारा कोणाला वापरू देऊ नये आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप मोजावा. मोठ्या घोड्याचे नेहमीचे तापमान 99 ते 101.5 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. त्यावर गेले की पशुवैद्याला फोन करावा आणि तोवर कोणताही घोडा आवाराबाहेर नेऊ नये. आकडे लिहायची वही थर्मामीटरसकट तबेल्याच्या दाराशीच टांगून ठेवावी, म्हणजे संध्याकाळच्या घाईत मोजणे राहून जात नाही.